पुढाऱ्यांनी आधी भाषा बदलावी की डोकं?

अंबड_सेकंड_शिफ्ट (धागाकर्ता)

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपचं पोट डिझेल इंजेक्टरच्या सुट्या भागांवर चालतं. बॅटरीच्या गाडीत ना इंजेक्टर, ना नोझल, ना फ्युएल पंप. हे टर्नरपासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी गेट मीटिंगला जावं तर 'एकजुटीचा विजय असो', आणि मालकाच्या स्नेहसंमेलनाला जावं तर 'आपण सगळे एक कुटुंब'. पुढे कोणतं काम राहणार आणि कोणतं जाणार, हे माइकवरून बोलायला कुणी तयार नाही. आयटीआय करून आलेलं पोरगं मागे उभं राहून मोबाइल बघत असतं. त्याला काय दोष द्यायचा?

माझं मत असं की युनियनचा असो, सोसायटीचा असो की कारखान्याचा, पुढाऱ्यानं आधी भाषा बदलावी. चारचौघांत नवीन काही बोलायचं म्हटलं की विचार करावाच लागतो. पटत नसेल तर बिनधास्त झोडा.

सिडको_कट्टा

झोडतोच. भाषा बदलली नाही असं सांगितलं कुणी? आमच्याकडे केव्हाच बदलली. हजेरीपटावर कामगार उरलाच नाही, सगळे 'असोसिएट'. साहेबांच्या तोंडी 'फ्युचर रेडी', 'ट्रान्सफॉर्मेशन'. पगार मात्र ठेकेदाराकडून, तोही महिन्याच्या कोणत्या तारखेला येईल ते त्यालाच माहीत. जुन्या घोषणेत निदान भांडण कुणाशी आहे ते तरी कळायचं. डोकं बदला, शब्द जुनेच राहू द्या, काही बिघडत नाही.

पेठ_रोड

सिडकोवाल्यांशी सहमत, आणि उदाहरण आपल्याच गावचं देतो. ६ मार्च २०१८ला किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची आदिवासी माणसं, बरीच अनवाणी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला. झेंडे लाल, घोषणा जुन्याच, मागण्याही जुन्याच: कसत असलेली वनजमीन नावावर करा, कर्ज माफ करा. एका शब्दाचं पॉलिश नाही.

पण ११ तारखेच्या रात्री सोमय्या मैदानावर पोचल्यावर ठरलं की सकाळी निघायचं नाही. दहावीची परीक्षा चालू होती, रस्ते अडले तर पोरांचे हाल. म्हणून दमलेल्या पायांनी रातोरात चालून माणसं आझाद मैदानात गेली. मोर्चा म्हणजे शहर अडवणं, हे इतक्या वर्षांचं गणित तिथे पुढाऱ्यांनी मोडलं. एरवी मोर्चाला शिव्या घालणारी मुंबई पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आली. भाषण कुणाचं लक्षात आहे? माझ्या तरी नाही.

अंबड_सेकंड_शिफ्ट

उदाहरण चांगलं आहे, पण माझ्या प्रश्नाला लागू पडत नाही. वनजमिनीचा दावा सरकारकडे करता येतो, सरकार लेखी देतं. (दिलंही. तरी २०२३मध्ये पुन्हा मोर्चा काढून वाशिंदपर्यंत चालावं लागलंच.) डिझेलची ऑर्डर कमी झाली तर लेखी कुणाकडे मागणार? तिथे आपल्याच माणसांना सांगावं लागतं की बाबांनो, हे काम संपत आलंय. असं सांगायचे शब्द आमच्या पुढाऱ्यांकडे नाहीत, एवढंच म्हणतोय.

पिंपळगावचा_बागाईतदार

शब्द येतात हो, मार बसला की. २०१०ला युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. आम्ही त्याला लिहोसिन म्हणायचो आणि बिनघोर वापरायचो. तोवर मेळाव्यात विषय एकच, भाव. त्यानंतर तेच पुढारी तेच उपरणं घालून फवारणीची नोंदवही, अंशांची तपासणी, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद, हे सांगू लागले. म्हणून त्यांना द्रष्टे वगैरे म्हणू नका. गिऱ्हाइकानं कान पिळला तेव्हा भाषा आली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात; इथे पुढारी आणि मागचे सगळे एकदमच ठेचकाळलो.

येवलेकरीण

मार बसायच्या आधी किंवा बसत असताना कुणी बोललंच नाही, असं नाही. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, लोकांनी दगड खाल्ले, तुरुंग भोगला. दार उघडलं नाही. मार्च १९३४मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून कळवलं की आता मंदिरप्रवेशात शक्ती घालवू नये, ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी. १३ ऑक्टोबर १९३५ला आमच्या येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

ज्या जिल्ह्यातल्या लोकांनी त्या दारासाठी मार खाल्ला, त्याच जिल्ह्यात, जाहीर परिषदेत, आता दुसरी वाट धरू म्हणून सांगायचं! कारणं दिली, गुळमुळीत काही ठेवलं नाही. आणि दीक्षा घेतली १९५६ला. मधली २१ वर्षं लोकांशी बोलण्यात, अभ्यासात गेली. म्हणजे भाषा आधी की डोकं आधी, हा प्रश्नच मला फारसा पटत नाही. माणसांना विचार करायला किती वेळ दिला ते बघा. डिझेलचं दहा वर्षं आधी सांगितलं तर पोरगं दुसरं काम शिकेल. दहा दिवस आधी सांगितलं तर ती नोटीस झाली.

सिडको_कट्टा

ताई, मान्य. पण बाबासाहेबांना पतसंस्थेचं पॅनल निवडून आणायचं नव्हतं. आमच्या अध्यक्षानं माइकवर 'हा पार्ट बंद होणार' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी विरोधी पॅनल गेटवर पेढे वाटेल.

येवलेकरीण

बाबासाहेबांना निवडणुका नव्हत्या? १९५२ची लोकसभा हरले, १९५४ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. म्हणून येवल्यातलं बोलणं मागे घेतलं नाही.

अंबड_सेकंड_शिफ्ट

हे मात्र बिनतोड. भाषेचा हट्ट थोडा सोडतो, सगळा नाही. पुढच्या गेट मीटिंगला एवढंच विचारणार आहे: आपल्या लाइनवरचे कोणते पार्ट फक्त डिझेलचे आहेत, त्यांची यादी लावा. भाषण नको, यादी द्या.

पिंपळगावचा_बागाईतदार

विचारा जरूर. पण तुमच्या ऑर्डरचं नाशकात ठरतं का? ती यादी तुमच्या अध्यक्षालाच काय, मॅनेजरलाही कुणी दाखवली नसेल.

अंबड_सेकंड_शिफ्ट

नसेल तर तसं माइकवर सांगावं. मी ते रेकॉर्ड करून इथेच टाकतो.