बाईचं पात्र घेणं म्हणजे फसवणूक?

ऑनलाइन खेळात बाईचं पात्र घेणारा पुरुष इतरांना फसवतो, हे काहींचं मत मला अजिबात पटलं नाही. आमच्या सिंधुदुर्गात दशावतार या लोकनाट्यातली स्त्रीपात्रं पुरुषच रंगवत आले. लिखित संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचावे लागतात. ती बाई आतूनच यावी लागते. जत्रेत त्या पात्राच्या विलापावर माझी आजी पदराने डोळे पुसायची. तिला कोणी फसवलं नव्हतं.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ २००४ सालचा. त्यातही पात्र बनवतानाच शरीर बाईचं की पुरुषाचं ते निवडता येतं. फक्त दशावतारात पहाटे रंग उतरतो, खेळातलं पात्र वर्षानुवर्षं सोबत राहतं. मालवणातला माझा एक मित्र अशा पात्राच्या नावानेच पहिल्यांदा मोकळं बोलला. आता ती स्वतःला बाई म्हणते, आणि मी तिला 'गो' म्हणूनच, म्हणजे बाईला मारतात तशीच मालवणी हाक मारतो.