डाउनलोडचा आकडा म्हणजे वापर नव्हे

शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन शैक्षणिक साहित्याच्या संग्रहाचा वर्गात किती उपयोग होतो, हे डाउनलोडच्या आकड्यांवरून ठरवावं, असं काहीजण सुचवतात. त्यात गफलत आहे. एका शिक्षकाने फाइल एकदा उतरवून ४ तुकड्यांना दाखवली तरी नोंद एकच. दुसऱ्याने २० उतरवून एकही उघडली नाही तरी नोंदी २०.

त्यापेक्षा अभ्यासक्रमातला एकच घटक निवडा. आधी ५ प्रश्नांची चाचणी, मग साहित्य वापरून तास, आणि २ आठवड्यांनी त्याच धर्तीची, पण आकडे बदललेली चाचणी. लगेच घेतली तर टिकलं किती ते कळत नाही. जमल्यास एक तुकडी नेहमीच्या पद्धतीने शिकवा, नाहीतर सुधारणा साहित्यामुळे की नुसत्या सरावामुळे, हा घोळ राहतोच.

मुलं रमली, एवढ्यावर जाऊ नका. अपूर्णांकांच्या सिम्युलेशनमध्ये (पडद्यावर हलवून पाहायच्या प्रतिकृतीत) पट्ट्या ओढताना सगळी गुंग दिसतात, पण ३/४ आणि ६/८ सारखे का, असं विचारलं की गप्प. म्हणून पट्टी हलवण्याआधी "आता काय होईल?" याचं उत्तर वहीत लिहून घ्या. त्या वह्याच खरा पुरावा.

शिक्षकाने साहित्यातलं काय गाळलं, काय बदललं हेही टिपा. (साहित्य इतरांना मोफत वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात 'एनडी', म्हणजे 'नो डेरिव्हेटिव्ह्ज', ही अट असेल तर बदललेली प्रत इतरांना वाटता येत नाही, हे बरेचजण विसरतात.)