एक दात सरकला आणि गाडी आंबा घाट चढेना: पेट्रोल इंजिनातील भागांचा मेळ

देवरुखचा प्रवासी

नमस्कार. माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी बारा वर्षांची आहे. वॉटर पंप गळू लागल्यामुळे तो आणि त्याबरोबर टायमिंग बेल्ट (इंजिनातला दातेरी रबरी पट्टा) असे दोन्ही मी एका गॅरेजमध्ये बदलून घेतले. त्यानंतर महामार्गावर वेग घेतला की गाडी ठीक वाटे. परंतु साखरप्याहून आंबा घाट चढू लागलो की दुसऱ्या गिअरमध्येही ती दमून जाई. उभ्या गाडीत इंजिन थरथरे, पेट्रोल जास्त लागे आणि चालकापुढचा इंजिनाचा पिवळा दिवा विझेना. दोन ठिकाणी प्लग बदलून आणि इंजेक्टर साफ करून झाले. अखेर तिसऱ्या मिस्त्रींनी झाकण उघडून बेल्ट एक दात मागे बसला असल्याचे दाखवले आणि तेवढे नीट केल्यावर गाडी पूर्ववत झाली.

प्लग, पिस्टन, व्हॉल्व्ह, इंजेक्टर असे सगळेच धड असताना रबरी पट्ट्याच्या एका दाताने इंजिन लंगडे कसे होते, आणि तेही घाटातच का, हे कोणी समजावून सांगेल काय?

चिपळूणचा निवृत्त निदेशक

आयटीआयमध्ये मी हा विषय पायाच्या शिलाई मशीनवरून शिकवत असे. पायटा वर-खाली होतो, दांडी ती हालचाल चाकाकडे नेते आणि चाक गोल फिरते. इंजिनात पायट्याच्या जागी पिस्टन, दांडीच्या जागी कनेक्टिंग रॉड आणि चाकाच्या जागी क्रँकशाफ्ट व त्यावरचे जड फ्लायव्हील असते. मशीनचे खरे मर्म मात्र खाली शटलमध्ये आहे. सुई तळाला जाऊन वर निघते त्या क्षणी धाग्याचा जो लहानसा फास तयार होतो, तो शटलच्या टोकाने नेमका तेव्हाच पकडावा लागतो. सुई, शटल आणि धागा तिन्ही उत्तम असले तरी वेळ चुकली की टाके सुटतात, आणि फारच चुकली तर सुई आपटून मोडते.

निकोलाउस ओट्टो यांनी १८७६ साली चालवून दाखवलेले चार टप्प्यांचे चक्र आजही तसेच आहे: पिस्टन खाली येताना हवा व पेट्रोल आत ओढले जाते, वर जाताना ते दाबले जाते, ठिणगीने पेटून पिस्टनला खाली ढकलते आणि पुढच्या वर जाण्यात जळका वायू बाहेर पडतो. या चारांपैकी जोर देणारा टप्पा एकच असतो. बाकीचे तीन फ्लायव्हीलच्या साठलेल्या वेगावर आणि इतर सिलिंडरांच्या जोरावर निभतात. एका चक्राला क्रँकचे दोन फेरे लागतात, पण प्रत्येक व्हॉल्व्ह, म्हणजे वायू आत-बाहेर सोडणारी झडप, तेवढ्यात एकदाच उघडायचा असतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरली पाहिजे, आणि ही निम्मी गती टायमिंग बेल्ट राखतो.

आता आपला दात मोजू. क्रँकच्या चक्रीला २० दात धरले तर कॅमच्या चक्रीला ४० असणार. एक दात चुकणे म्हणजे क्रँकच्या हिशोबाने १८ अंश चुकणे. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच होतो. पण त्या गतीला पिस्टनचा एक संपूर्ण टप्पाही अशा दहाच भागांत आटोपतो.

बेल्ट मागे बसला की आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. तोवर पिस्टन वर निघालेला असतो, त्यामुळे नुकतेच आत आलेले काही मिश्रण तो परत हवा आत आणणाऱ्या नळीत ढकलतो. दाबायला माल कमी उरला की धक्काही हलका बसतो. फेऱ्या जास्त असताना वेगात आत धावणाऱ्या हवेला स्वतःची गती असते, त्यामुळे व्हॉल्व्ह थोडा उशिरा मिटला तरी ती घुसतच राहते आणि तोटा फारसा जाणवत नाही. घाटात फेऱ्या कमी आणि ओझे जास्त असते, म्हणून तिथेच दोष उघडा पडतो.

हर्णै बंदर

माझा संबंध होडीच्या डिझेल इंजिनाशी येतो. तिथे प्लग नसतो, त्यामुळे एक शंका आहे. कॅम मागे पडल्यावर ठिणगीही तेवढीच उशिरा पडत असेल ना?

कुडाळचे गॅरेज

जुन्या गाड्यांत ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बहुधा कॅमवरून फिरत असे, तिथे आपले म्हणणे बरोबर ठरते. अलीकडच्या गाड्यांत ठिणगीची वेळ मुख्यतः क्रँकजवळच्या सेन्सरवरून ठरते, त्यामुळे ठिणगी वेळेवर पडते आणि व्हॉल्व्ह तेवढे मागे राहतात. क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरांचे मेळ जुळेनात तेव्हा कॉम्प्युटर पिवळा दिवा लावतो. प्रश्नकर्त्यांच्या गाडीत हेच झाले असावे. तो दिवा पाहून प्लग बदलत बसणे हा आमच्या धंद्याचा जुना दोष आहे, हे मान्य केले पाहिजे.

पेट्रोल जास्त का लागले, याचेही कारण इथेच सापडते. बऱ्याच गाड्यांत नळीतल्या दाबावरून आत किती हवा गेली याचा अंदाज घेतला जातो. व्हॉल्व्ह उशिरा मिटले की नळीतला दाब वाढतो, कॉम्प्युटरला हवा जास्त आल्याचा भास होतो आणि तो इंजेक्टरला पेट्रोल वाढवायला सांगतो. हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असायला हवे. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ते सावरू पाहतो, पण त्यालाही मर्यादा असते.

बेल्ट बसवल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून क्रँक व कॅमच्या चक्र्यांवरच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे असते. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरी तेवढेच टाळले जाते.

देवरुखचा प्रवासी

सर्वांचे आभार. त्या गॅरेजमध्ये ते दोन फेरे फिरवले नव्हते, हे आता विचारल्यावर त्यांनीच कबूल केले. एवढे दिवस गाडी तशीच चालवली, तर व्हॉल्व्ह वाकले असतील का?

कुडाळचे गॅरेज

एका दाताने बहुधा वाकत नाहीत. बेल्ट तुटून कॅम थांबली आणि क्रँक फिरत राहिली, तर मात्र अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. तरीही मनाच्या खात्रीसाठी चारही सिलिंडरांचा कॉम्प्रेशन दाब मोजून घ्या. चारांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडण्याची गरज नाही.