मदत हवी आहे: पाणथळीत पोकलेन रुतलंय, काम थांबवू की रेटू?

बेटवाला: अर्जंट आहे. आमच्या तळ्यात पक्ष्यांसाठी तीन बेटं करायचीत, दीड झालं आणि परवा मशीन बसलं ते तिथेच आहे. ठेकेदार म्हणतो मुरूम टाका, त्याचा खर्च धरलेलाच नाही, आणि निधी देणाऱ्यांना 31 मार्चच्या आत बिलं हवीत. त्यात बदकं उतरलीत, मशीन सुरू केलं की सगळी उठतात. लवकर सांगा.

गोदाकाठ: दादा, तळं कुठलं, कुणाच्या मालकीचं, पाणी किती, माती कुठली? काहीच सांगितलं नाहीत तर सांगणार काय?

मशीनवाला: माझी स्वतःची दोन मशिनं आहेत म्हणून सांगतो, बाकीचं नंतर. बकेट घट्ट जागेवर टेकवून एका बाजूची चेन उचला, खाली बाभळीचे ओंडके आडवे सरकवा, मग दुसरी बाजू, असं करत करत मशीन आपलं आपण निघतं. ओढायला दुसरं मशीन आत नेऊ नका, तेही बसेल. वायररोप लावलाच तर जवळ एकही माणूस नको, तुटला तर पाय जातो.

मिनेसोटाकर: आमच्याकडे दलदलीतली अशी कामं मुद्दाम जानेवारीत काढतात, जमीन गोठून टणक होते, वर लाकडी फळ्या अंथरल्या की मशीन रुतत नाही. थंडीतच उरका.

गोदाकाठ: अहो, निफाडला फार तर दवबिंदू गोठतात, तळं नाही गोठत. आणि आपल्याकडे थंडीतच तर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक येतात. माझं गाव नांदूर मध्यमेश्वरजवळ, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. तिथली बेटं बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं साचलेल्या गाळाची, पोकलेनने केलेली नाहीत. मार्च सरेपर्यंत थांबा, एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की करा.

नियमवाचक: परवानगी आहे का ते आधी सांगा. 2017 च्या पाणथळ नियमांत पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही.

मशीनवाला: मातीचं बेट पक्कं बांधकाम कसं? आणि सिंचनासाठी बांधलेली तळी त्या नियमांतून वगळलेली आहेत.

नियमवाचक: वगळली म्हणून मालक खात्याला न विचारता खोदायचं असं होत नाही. कागद बघा, एवढंच म्हणतोय.

फोटोवेडा: नांदूरला हळदीकुंकू बदकांसाठी 400 ची लेन्स पुरते का? शनिवारी निघतोय.

बेटवाला: सॉरी, सांगायचं राहिलं. पाझर तलाव आहे, जिल्हा परिषदेचा, ग्रामपंचायतीचा ठराव आहे, खात्याचं पत्र आहे की नाही ते सरपंचांना विचारतो. काळी माती, पाणी कमरेएवढं. मशीनवाला भाऊ, ओंडक्यांनी आज दुपारी निघालं मशीन, चार तास गेले पण निघालं, खरंच आभार. आता काठावर उभं केलंय.

गोदाकाठ: काळी माती? मग थांबाच. ओली काळी माती दबत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसात बेट बसतं. वाळवून थरावर थर दाबा. कडा उभ्या नकोत, पसरट उतार ठेवा, नाहीतर पिल्लांना पाण्यातून वर चढता येत नाही.

बेटवाला: आणि 31 मार्चचं?

मशीनवाला: झालेल्या दीड बेटाचं मोजमाप करून तेवढंच बिल द्या, बाकीसाठी मुदतवाढ मागा लेखी. आणि ठेकेदाराला सांगा, मशीनचं भाडं उभ्या दिवसांचं लावायचं नाही.

फोटोवेडा: लेन्सचं कुणी सांगता का?