मदत हवी आहे: जी सेव्हन ऑल्टर्डचे अर्पेजिओ बसवायचे कसे?

नमस्कार मंडळी. नागपूरला धरमपेठेत राहतो, गिटार हौसेपुरती. मेजर, मायनर, साधे डॉमिनंट सेव्हन, यांचे अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणं) मेट्रोनोमवर बसलेत. गाडी अडलीय ती ऑल्टर्डवर, म्हणजे पाचवा-नववा स्वर अर्ध्या स्वरानं वर-खाली सरकवलेल्या डॉमिनंट सेव्हनवर.

कॉर्ड धरायला काही त्रास नाही: सहाव्या तारेवर तिसरा पडदा, पाचवी बंद, चौथीवर तिसरा, उरलेल्या तिन्हींवर चौथा. म्हणजे जी, एफ, बी, डी शार्प, ए फ्लॅट. झकास वाजते. पण हेच स्वर सुटे वाजवायला घेतले की मी प्रत्येक स्वर जीपासून मोजत बसतो, तोवर पुढची कॉर्ड, सी मायनर, येऊन गेलेली असते!

एका मित्रानं सुचवलं, एफ हाफ डिमिनिश्डचा अर्पेजिओ वाजव. एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट (म्हणजेच डी शार्प). जी सोडला तर स्वर तेच. बोटांना सोपं जातं, पण कानाला मग एफच घर वाटायला लागतं. डी फ्लॅट सेव्हनचंही तेच.

तुम्ही कसं केलंत? तानपुरा ॲपवर जी लावून त्यावर हे आकार घोटले तर कान तयार होईल, की थेट डी हाफ डिमिनिश्ड, जी ऑल्टर्ड, सी मायनर असंच फिरवत राहावं? सध्या 60 च्या लयीत फक्त सुटका (जी ऑल्टर्डचे स्वर सी मायनरमध्ये विसावणं) घोटतोय: ए फ्लॅटवरून जी, बीवरून सी, ई फ्लॅट जागच्या जागी. हे बरं वाटतं, पण ओळ म्हणून काही बनत नाही.

बर्डी-धंतोलीकडे जॅझ शिकवणारं कुणी असेल तर तेही सांगा. संध्याकाळीच जमेल, दुपारी कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.