आजारपणाचे पहिले तीन दिवस बिनपगारी का?

रात्रपाळी:
मागच्या महिन्यात पाच दिवस तापाने झोपून होते. कामावर परतल्यावर पगाराची स्लिप हातात आली. त्यात लिहिलेलं, ‘बिनपगारी: ३’. आमच्याकडे नियमच तसा आहे. आजारपणाचे पहिले तीन दिवस काही नाही, चौथ्या दिवसापासून अर्धा पगार. म्हणजे पाच दिवसांच्या दुखण्यात माझ्या पदरात पडला एका दिवसाचा पगार.

ताप कुठून आला तेही मला ठाऊक आहे. पॅकिंगला आम्ही सहाजणी एका टेबलाभोवती बसतो. शेजारची बाई दोन दिवस कणकणत्या अंगाने येत होती. गोळी घ्यायची, जरा वेळ टेबलावर डोकं टेकायची, पुन्हा हात चालवायची. मी म्हटलं, घरी जा बाई. तर म्हणाली, भाड्याची तारीख आलीय, खाडा परवडणार नाही. तिच्यावर माझा जराही राग नाही. पण तिच्यामागून मी पडले आणि माझ्यामागून आणखी दोघी.

फ्लू झालेल्या माणसाकडून पहिल्या तीन-चार दिवसांतच सगळ्यात जास्त लागण होते. नेमके तेच दिवस बिनपगारी! घरी थांबायला हवं तेव्हाच माणसाला कामावर ओढणारा हा नियम आहे. पगार पूर्ण नको, थोडा कमी द्या, पण पहिल्या दिवसापासून द्या, असं माझं म्हणणं आहे.

सात माणसांचा छापखाना:
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण आमचीही बाजू ऐका. यंत्रावरचा माणूस आला नाही की त्याचा पगार, वर बदलीची मजुरी, आणि काम उशिरा गेलं की गिऱ्हाइकाची बोलणी, सगळं माझ्यावर येतं. मोठ्या कंपनीला एक खाडा जाणवतही नसेल, माझ्या तो महिनाभर हिशेबात दिसतो.

आणि हे तीन दिवस कुणा एका मालकाच्या डोक्यातून आलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सामाजिक सुरक्षेचा १९५२ चा करार आहे, क्रमांक १०२. पहिले तीन दिवस भत्ता न देण्याची मुभा त्यातही आहे. स्वीडनने १९८७ साली पहिला बिनपगारी दिवस काढून टाकला. आजारपणाच्या रजा वाढल्या, आणि १९९३ मध्ये तो दिवस परत आणावा लागला. माझ्याकडेही एकजण होता, त्याचं डोकं नेमकं सोमवारीच दुखायचं. त्याचं काम बाकीचे सहाजण ओढायचे आणि चिडायचे माझ्यावर.

चाकावर पोट:
तुमचं तीन दिवसांवर भांडण चाललंय. मी माल पोचवतो, फेरीमागे पैसे. मला मालकही नाही आणि हजेरीपुस्तकही नाही. पाय मुरगळला तेव्हा अकरा दिवस एक पैसा आला नाही. चौथा दिवस काय आणि चाळिसावा काय, आमचा खाडा मोजायलाच कुणी नाही.

रात्रपाळी:
स्वीडनमध्ये रजा वाढल्या, मान्य. पण वाढलेल्या रजा सगळ्या खोट्याच होत्या हे कशावरून? आधी दुखणं अंगावर काढून येणारी माणसं घरी राहू लागली, तरी आकडा वाढणारच. कोविडमध्ये ब्रिटनने २०२० साली कोविडच्या आजारपणापुरते हेच तीन दिवस रद्द केले होते. आजारी माणसाने घरी राहावं असं सरकारला मनापासून वाटलं, तेव्हा पहिल्यांदा हाच नियम आड आला.

शिवाय हे हक्क कुणी आपण होऊन दिलेले नाहीत. जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइनच्या धातुकामगारांनी ऑक्टोबर १९५६ पासून सोळा आठवडे संप केला, त्यातली मुख्य मागणी आजारपणातल्या पगाराचीच होती. आज तिथे नोकरीला चार आठवडे झालेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो.

सहा महिने घरी:
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि मी सहा महिने घरी होतो. पहिले तीन दिवस कापून पहिला महिना पूर्ण पगार, पुढचे दोन अर्धा, नंतर शून्य. तीन दिवसांचा पगार माणूस कसाबसा भरून काढतो, उसनवार करतो. चौथ्या महिन्यात उसने द्यायलाही कुणी उरत नाही. मालकाकडे किंवा निधीत पैसा मोजकाच असेल तर तो आधी तिथे जावा. नेदरलँड्समध्ये मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो. मला ते तुमच्या पहिल्या दिवसापेक्षा मोलाचं वाटतं.

आता ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कर्जाचा हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, चुकल्यावर गेलात तर बोलणं वेगळं होतं. घरमालकालाही आधीच सांगा. आणि डॉक्टरच्या दाखल्यांच्या तारखा जुळवून घ्या. माझ्या एका दाखल्याची मुदत रविवारी संपली, पुढचा मंगळवारपासून होता. मधल्या एका सोमवारमुळे रजा तुटली. ऑफिसने नवं आजारपण धरलं आणि पुन्हा पहिले तीन दिवस कापले. टाके तसेच, पाठीचा पट्टा तसाच, आणि कागदावर मी एक दिवस ठणठणीत.

रात्रपाळी:
दादा, तुमच्या सोमवारचं वाचून पोटात कालवलं. पण तोही याच तीन दिवसांनी घेतलेला बळी आहे ना? हा नियम नसता तर तारीख चुकून तुमचं काही गेलं नसतं.

छापखानावाले भाऊ, तुमची अडचण मी उडवून लावत नाही. जर्मनीत तीसपर्यंत कामगार असलेल्या मालकांसाठी वेगळा वर्गणीचा निधी असतो. सगळे छोटे मालक त्यात भरतात आणि आजारी माणसाला दिलेल्या पगाराचा मोठा भाग त्यातून परत मिळतो. सात माणसांच्या छापखान्याने एकट्याने भार उचलावा असं मी म्हणतच नाहीये.

सात माणसांचा छापखाना:
असा निधी असेल तर वर्गणी भरायला मी आज तयार आहे. खरं सांगतो, माझा राग रजेवर नाही. महिन्याच्या मधेच खिशाला भोक पडतं, त्यावर आहे.

पण सोमवारवाल्याचा प्रश्न राहतोच. पहिल्या दिवसापासून दाखला मागायचा म्हटलं तर तापाने फणफणलेल्या माणसाला कागदासाठी दवाखान्याच्या रांगेत बसवायचं. तेही मला पटत नाही.

चाकावर पोट:
वर्गणी मीही भरतो. मला मालक नाही म्हणून त्या निधीत घेणार नाही का?