प्रति: बिशप उल्रिख आणि ऑग्सबुर्गचा वेढा

लेखफेल्डच्या (जर्मनीतल्या ऑग्सबुर्गजवळचं मैदान) लढाईत ऑग्सबुर्गचे बिशप उल्रिख तलवार घेऊन लढले, असं वरच्या चर्चेत म्हटलंय. ते नेमकं नाही. ८ ऑगस्ट ९५५ला मग्यारांनी (हंगेरियन स्वारांनी) ऑग्सबुर्गवर हल्ला केला. तट बुटका होता, बुरूजही नव्हते. दगड-बाणांच्या वर्षावात उल्रिख घोड्यावर होते, पण अंगावर फक्त धर्मगुरूचं उपरणं. ढाल, चिलखत, शिरस्त्राण काहीच नाही. रात्रभर त्यांनी पडझड दुरुस्त करून घेतली. जर्मन राजा ऑटो सैन्य घेऊन येतोय हे कळताच वेढा उठला आणि १० तारखेच्या लेखफेल्डच्या लढाईत उल्रिख यांचा भाऊ मारला गेला.

माझ्या मते त्यांचं खरं महत्त्व मृत्यूनंतरचं आहे. तोवर संतपद स्थानिक बिशपच मान्य करत. ९९३मध्ये पोप पंधरावे जॉन यांनी उल्रिखना संत घोषित केलं. पोपने अधिकृतपणे केलेली ही पहिली ज्ञात घोषणा.